चौथा प्रश्न

सतरा वर्षं मी एकच वाक्य लिहीत आले:
बाथरूममध्ये पाय घसरून पडली.
सिव्हिलच्या अपघात विभागात, रात्रपाळीला,
निळ्या बॉलपेननं, ओळीच्या जरा वर.
कधी जिना, कधी ओली फरशी,
कधी नुसतंच ‘पडली’.
केसपेपरवर जागा तेवढीच असते.

डिसेंबरात ओर्ला आली, आयर्लंडहून, तीन दिवसांसाठी.
निफाडचा पारा पाचावर,
त्र्यंबक रोडच्या हॉलला खिडकीची एक काच नाही.
दोन स्वेटर घालून म्हणाली,
मला वाटलं होतं, तुमच्याकडे ऊन असतं.
आम्ही बावीस जण: सिस्टर, हवालदार,
दोन वकीलबाई, अंबडच्या आशाताई,
आणि सही करून डुलकी काढणारे एक साहेब.

तिच्या संस्थेची पुस्तिका,
मराठी कुणी केलं देव जाणे.
चौथा प्रश्न असा होता:
‘आपल्या जोडीदाराकडून आपणांस शारीरिक इजा पोहोचते काय?’

गांगुर्डे मावशी पहिल्यांदा हसल्या.
जोडीदार चपलेचा असतो, बाई.
बैलाचा असतो.
नवऱ्याला कोण म्हणतं जोडीदार?
मग सगळेच बोलायला लागले.
‘घरातले’ लिहा. ‘मालक’ नको, आजपासून तरी नको.
‘मारतो का’ असं थेट विचारलं
की बाई नवऱ्याच्याच बाजूनं उभी राहते.
‘हात उचलतो का’, हे बरं.
हवालदार ढिकले म्हणाले,
आम्ही चौकीत विचारतो, तू काय केलं होतंस?
म्हणाले, आणि स्वतःच गप्प झाले.
त्या गप्प होण्याचं इंग्रजी
दुभाष्या मुलीला जमेना.
ओर्लानं हातानंच सांगितलं, राहू दे.

दुपारी तिनं भिंतीवर एक्स-रे लावला.
करंगळीच्या बाजूचं हाड,
मधोमध, आडवं मोडलेलं.
पडताना माणूस तळवा टेकतो, ती म्हणाली,
मोडतं ते बहुतेक मनगट.
हे हाड मोडतं
हात असा धरला की.
आणि तिनं हात कपाळापुढे आडवा धरला,
जरा जास्तच वेळ,
मग स्वेटरची बाही खाली ओढून घेतली.

म्हणजे त्यांच्याकडेही फरशी ओली असते.

मी मोजायला लागले आणि थांबले.
किती हात मी स्वतःच्या अक्षरात
बाथरूममध्ये पाठवले होते.

सोमवारी घोटीकडची एक आली. सुगंधा, वय सव्वीस.
हाड तेच.
नवऱ्याला बाहेरून औषध आणायला धाडलं.
शिकवल्याप्रमाणे पडदा ओढला,
शिकवल्याप्रमाणे उभी राहिले नाही, स्टुलावर बसले.
आम्ही भांडून ठरवलेला प्रश्न विचारला:
घरी जायची भीती वाटते का गं?
नाही, म्हणाली. पडले.
मी लिहिलं, ‘पडले, असं सांगते.’
सतरा वर्षांत
दोन शब्द वाढले.

ओर्लाचा मेसेज आला, तिच्या गावाहून:
कसं चाललंय?
मी काय कळवणार?
तुमचा प्रकल्प, आमचा चहा-बिस्किटांचा खर्च,
बावीस प्रमाणपत्रं, एक ‘नाही’.
थंडी कमी झाली, एवढंच टाइप केलं.
तेही खोटंच.

गुरुवारी ओपीडी संपता संपता
दारात प्लास्टरचा हात दिसला.
एकटीच. अर्ध्या दराचं एसटीचं तिकीट
प्लास्टरच्या कडेत खोचलेलं.
घट्ट होतंय म्हणाली.
बोट घालून बघितलं, घट्ट नव्हतं.
ती माझ्याकडे नाही,
बोटं अजून आत होती, त्यांच्याकडे बघत म्हणाली,
सिस्टर, ते सोमवारचं
परत विचारा ना.

मी आधी पडदा ओढला.